धोंडबाची चार मेडलं

१

आमच्या घरची दुपार ठरलेली असते. आधी कूलरमध्ये पाणी भरायचं. भरलेली बादली आता उचलत नाही, म्हणून अर्धी अर्धी नेतो. मग यमूचं इन्सुलिनचं इंजेक्शन, मग तिचं जेवण, मग माझं. ती आतल्या खोलीत आडवी झाली की मी बाहेरच्या खोलीतल्या टेबलाशी बसतो आणि मेडलं काढतो. बाहेर बेझनबागेचा रस्ता उन्हाने ओस पडलेला असतो. कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास, एवढंच घरात असतं.

यमू माझी बायको. तिची साखर जुनी आहे आणि त्या साखरेने तिचे डोळे नेले. उजेड कळतो, दारात कोणी उभं राहिलं तर सावली कळते, चेहरा कळत नाही. मुलगी कामिनी पुण्याला असते. घरात आम्ही दोघंच. तिची सुई माझ्या हातात, म्हणजे तिचा जीवही माझ्याच हातात, हे मी एकटा असताना फार वेळा स्वतःला सांगतो. त्यामुळे हात जास्तच कापतो.

भौतिकशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर हा छंद लागला. लहानपणी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत कोटावर मेडलं लावून चालणारे म्हातारे पाहिले होते. ते काही बोलत नसत, फक्त चालत. दुसऱ्या महायुद्धात इकडून गेलेल्या शिपायांची मेडलं मी जमवतो. मेडलाच्या कडेवर किंवा पाठीवर त्या माणसाचा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. पण एका माणसाची सगळी मेडलं एकत्र सहसा मिळत नाहीत. बाप गेला की भावाभावांत भांड्यांबरोबर तीही वाटली जातात. थोरल्याला चांदणीसारखा स्टार, धाकट्याला गोल मेडल. पुढे कोणाची तरी सून ते मोडीत काढते. असा फुटलेला संच पुन्हा जुळवणं ही आमच्या छंदातली सगळ्यात मोठी हौस.

धोंडबा नावाच्या एका शिपायाची दोन मेडलं माझ्याकडे होती. नावापुढे लष्करी दवाखान्याची खूण होती. म्हणजे हा लढणारा नव्हे, जखमींची शुश्रूषा करणारा, नर्सिंग ऑर्डर्ली. बर्मा स्टार आणि एक गोल मेडल. या उन्हाळ्यात तिसरं मिळालं.

त्याच आठवड्यात ते भांडं दिसलं.

मी कूलर भरून स्वयंपाकघरात आलो, तर शेगडीवर दुधाचं लहान पातेलं होतं. गॅस बंद होता, पण पाण्यातून वाफ निघत होती. तळाशी यमूची सिरिंज पडली होती. एकदा वापरून टाकायची, प्लास्टिकची. उकळून वाकडी झाली होती.

२

"यमू, गॅसवर काही ठेवलं होतंस?"

"मले दिसते काय गॅसवर ठेवाले?" ती पलंगावर बसली होती. "काहून? काही जळलं?"

"नाही. चल, इंजेक्शन घे."

"पुन्हा?"

मी बाटली हातात धरून थांबलो.

"अहो, आत्ता तं टोचून गेले तुम्ही. आता काय चाळण करता माह्या दंडाची?"

"मी? केव्हा?"

"आत्ता जी. हे पहा." तिने दंड पुढे केला. दंडावर कापसाचा लहानसा बोळा चिकटला होता, अजून ओलसर. स्पिरिटचा वास येत होता. "बोलले नाही काही. आताशा तुम्ही टोचताना बोलतच नाही. आधी किती बडबड करत होते, 'घाबरू नको, घाबरू नको'. घाबरत तं तुम्हीच होते."

मी तिच्या बोटाचा थेंब घेऊन मशीनवर साखर पाहिली. काही वेळाने पुन्हा पाहिली. आकडा उतरत होता. औषध आत गेलेलं होतं, यात शंका नव्हती. मी माझ्या हातातलं आणखी दिलं असतं तर संध्याकाळी ती उठली नसती.

ते पातेलं मी घासलं आणि नंतर बराच वेळ टेबलाशी बसून विचार केला. माझ्या लहानपणी डॉक्टर काचेची सिरिंज उकळून घेत. म्हातारा मेंदू जुनं चित्र वर काढतो आणि नवं पुसतो, हे मी वाचलेलं होतं. मी पाणी ठेवलं, मी उकळली, दुसरी घेऊन मी टोचली आणि मी विसरलो. एवढा साधा उलगडा होता. इतर कोणाच्या बाबतीत मी तो लगेच मान्य केला असता.

फक्त एक गोष्ट बसत नव्हती. कापसाचा बोळा इतका नीट, गोल वळलेला होता. मला तो तसा कधी जमला नाही.

३

असं पुन्हा झालं. मग अधूनमधून होत राहिलं. कामिनीला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. यमूने फोनवर हसत हसत सांगून टाकलं.

"बाबा, खरं सांगा. आईचं इंजेक्शन विसरता का तुम्ही?"

"विसरत नाही."

"मग?"

"दिल्याचं आठवत नाही."

"अहो बाबा, त्यालाच विसरणं म्हणतात!" ती हसली नाही. "एखाद्या दिवशी दोनदा दिलंत तर? मी महिनाअखेरीला येते आणि आईला इकडे आणते. तुमचीही तपासणी करून घेऊ. डोक्याची."

"आईला तिकडे जमणार नाही."

"तुम्हाला जमत नाहीये, बाबा. ते आधी बघा."

फोन ठेवल्यावर यमू म्हणाली, "मी नाही जात पुण्याले. इथं मले डोळे मिटून सगळं घर मालूम आहे. न्हाणीघर कुठं, तुळई कुठं वाकली, सगळं. तिथं मी भिंतीले हात लावूनच मरन." मग हळूच, "तुम्ही जरा ध्यान द्या ना जी. पोरीले दाखवून द्या."

मी हो म्हटलं. पुढचे काही दिवस इंजेक्शन देताना मी मोठ्याने बोलत राहिलो, म्हणजे तिलाही ऐकू येईल आणि मलाही आठवेल. ते दिवस नीट गेले. मला बरं वाटायला लागलं होतं.

तेव्हाच ताराचंदचा निरोप आला.

४

ताराचंदचं दुकान लकडगंजात, लाकडाच्या वखारींच्या मागे आहे. जुनी भांडी, कुलपं, नाणी, कोणाच्याही घरातून निघालेलं काहीही. मी पोचलो तेव्हा तो पंख्यासमोर बनियनवर बसला होता.

"या सर, या. एवढ्या उन्हात काहून निघाले? एखादा दुपट्टा तं बांधायचा डोक्याले. प्रोफेसर लोक एकदम जिद्दी राहते बाप्पा."

"निरोप होता ना तुमचा."

"हो, पण मेडल काही भागून नव्हतं जाऊन राहिलं." त्याने गल्ल्याच्या मागून कागदाची पुडी काढली. "तुमचा धोंडबा. तुम्ही लिहून दिलं होतं ना नाव आन् नंबर, तोच. कामठीहून आलं, बरतनासोबत."

मी भिंग लावून कडेवरचं वाचलं. तोच होता. त्याच्या संचातलं चौथं आणि शेवटचं, वॉर मेडल. छातीत काहीतरी हललं. या वयात दुसरं कशाने असं हलत नाही, खरं सांगतो.

"कोणी आणलं?"

"एक बाई होती. म्हातारीच. भाव नाही केला, काही नाही. एवढंच विचारलं का घेणाऱ्याच्या घरी कोणी बीमार आहे काय. मी म्हटलं, मले काय मालूम माय, घेणारा मेडल पाहीन का बीमारी पाहीन."

"मग?"

"मग काही नाही. म्हणे, असन तं देऊ नका." ताराचंदने जांभई दिली. "तुमच्याकडे कोणी बीमार नाही ना सर?"

"नाही," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो ते अजून कळत नाही. तो देणार नाही अशी भीती वाटली असावी. पुडी खिशात टाकून मी बाहेर आलो, तेव्हा उन्हाने डोळ्यांपुढे काळं आलं होतं आणि मी वखारीच्या भिंतीला धरून थोडा वेळ उभा राहिलो.

५

निळ्या कापडावर चारही मेडलं ठरलेल्या क्रमाने ओवली. दोन स्टार, मग दोन गोल. अशी ओवून एका पट्टीवर बसवली की ती एका माणसाच्या छातीएवढी रुंद होतात. हे मला नेहमीच विचित्र वाटतं. सुटी असतात तेव्हा ती धातूची असतात.

दुसऱ्या दिवशी कूलर भरताना मी गॅस लायटरचा खटका ऐकला.

मी हातातली बादली खाली ठेवली. आतून पाण्याची बारीक खदखद येत होती. मग स्पिरिटच्या बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज. मग पावलं. कूलरची घरघर असूनही ती ऐकू येत होती, कारण ती जमिनीवर घासत होती. घाई नव्हती, चोरी नव्हती. फार मोठी पाळी करून आलेल्या, पाय उचलायचाही कंटाळा आलेल्या माणसाची चाल. मला ती चाल परकी वाटली नाही. मीही तसाच चालतो. म्हणून क्षणभर मला असंही वाटलं की मी आत आहे आणि बादलीपाशी कोण उभं आहे ते मला ठाऊक नाही.

मी आत गेलो तेव्हा यमू दंडावर कापूस दाबून बसली होती. शेगडीवर पातेलं होतं.

"वाढा आता," ती म्हणाली. "अन् एक सांगू जी? आताशा तुमचा हात कापत नाही. कळतही नाही टोचलेलं."

मी माझा हात डोळ्यांसमोर धरला. तो कापत होता.

६

ते पाहायचं असं मी ठरवलं. बाहेरच्या आणि आतल्या खोलीमध्ये पडदा आहे. लायटर वाजला तेव्हा मी पडद्याशी जाऊन उभा राहिलो. शास्त्राच्या माणसाने निदान एवढं तरी करावं.

यमू पलंगाच्या कडेला बसली होती, दाराकडे डावा खांदा करून. तिने सवयीने डावा हात पुढे केला. पोलक्याची बाही वर सरकली. तिचा दुसरा हात मांडीवर होता. दंडाची सैल कातडी उचलली गेली, चिमटीत धरतात तशी, आणि तशीच वर धरलेली राहिली. चिमूट मला दिसली नाही. मग कूलरच्या वाऱ्याने पडदा माझ्या तोंडावर आला. तो बाजूला केला तेव्हा ती कापूस दाबून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी पुष्कळ वर्षांत पाहिलं नव्हतं. ती निर्धास्त होती.

माझा मोतीबिंदू. उन्हातून आल्यावर येणारी अंधारी. पडद्याची सावली. मी स्वतःला हे सगळं नीट समजावलं. आणि त्याच संध्याकाळी पट्टीवरून वॉर मेडल काढलं, रिक्षा केली आणि ते ताराचंदकडे ठेवून आलो.

"वापस?" तो म्हणाला. "सर, पहिल्यांदा पाहून राहिलो मी. जो माणूस घेऊन जाते तो कधी आणत नाही. घरी मालकीण रागावली काय?"

"काही दिवस ठेवा फक्त."

दुसऱ्या दिवशीची दुपार शांत सुरू झाली. लायटर वाजला नाही. मी बाटली काढली, सिरिंज घेतली, औषध ओढलं. मोठ्याने बोललो, "घाबरू नको." सुई आत गेली, दट्ट्यावर अंगठा ठेवला, आणि यमू एकदम म्हणाली, "थांबा जी. अंगठा काहून एवढा थरथरून राहिला?"

मी सुई बाहेर काढली. टेबलावरचं भिंग आणून सिरिंजवरची रेघ पाहिली. औषध तिच्या मापाच्या कितीतरी पुढे गेलं होतं. दोनदा दिल्यापेक्षाही जास्त. आणि ते मी पूर्ण शुद्धीत, डोळे उघडे ठेवून, मोजून भरलं होतं.

आधीच्या इतक्या दुपारी माप बरोबर होतं. ते कोणी भरलं होतं, याचं उत्तर मला तिथेच मिळालं. आणि कामिनीला कळलं तर यमूचं हे घर जाणार, हेही कळलं.

मी ते औषध मोरीत सोडलं. शेजारच्या नर्सबाई त्या दिवशी सुट्टीमुळे घरी होत्या, त्यांना बोलावून त्या दुपारचं इंजेक्शन देववलं. मग भर उन्हात पुन्हा लकडगंजला गेलो. या वेळी डोक्याला दुपट्टा बांधला होता. मेडल काढून देताना ताराचंदने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

घरी येऊन मी ते स्वतःच्या हाताने पट्टीवर बसवलं.

७

कामिनी ठरल्याप्रमाणे आली. तिने आईची साखर सकाळ-दुपार तपासली, रक्ताचा रिपोर्ट काढला, तो डॉक्टरांना दाखवला. रिपोर्ट इतका चांगला कित्येक वर्षांत आला नव्हता.

"बाबा, सॉरी," ती म्हणाली. "मी उगाच घाबरले. एवढं नेमाने तर आमच्याकडेही झालं नसतं."

"पाहा," यमू म्हणाली. "मी म्हटलं होतं ना, तुहे बाबा सुधारले म्हणून. फक्त बोलत नाही आता. बुढ्याले झालं काय कोणास ठाऊक, मुका झाला."

दोघी हसल्या. मीही हसलो. कामिनी पुण्याला एकटी परत गेली.

आता दुपारी मी काही करत नाही. कूलर भरतो आणि बाहेरच्या खोलीत दिवाणावर पडून राहतो. लायटर वाजतो, पाणी खदखदतं, पावलं घासत आतल्या खोलीत जातात. मग यमूची हाक येते, "वाढा." मी उठून वाढतो. पहिले काही दिवस भीती होती. मग तिला धरून राहायचाही थकवा आला. बायको सुखरूप आहे, स्वतःच्या घरात आहे. आणखी काय हवं होतं मला? जे काम माझ्याने होत नव्हतं ते ज्याला येतं तो करत होता. मी झोपायलाही लागलो. इतकी वर्षं दुपारी मी झोपत नव्हतो.

परवा जेवणं झाली. यमू आत आडवी झाली आणि तिचं हलकं घोरणं सुरू झालं. मी दिवाणावर पडलो. डोळा लागत होता, तेवढ्यात लायटर वाजला.

यमूचं इंजेक्शन देऊन झालं होतं. ती जेवली होती. तिच्या दंडावरचा कापूस मीच काढून टाकला होता.

पाणी उकळलं. बूच निघालं. पावलं स्वयंपाकघरातून निघाली, आतल्या खोलीच्या दारापाशी थोडी थांबली. तिथलं काम झालेलं पाहून जसं थांबतात, तशी. मग वळली. दवाखान्यात एका खाटेपाशी काम आटोपलं की पुढच्या खाटेकडे वळतात, तशीच. पडदा हलला, आणि पावलं माझ्याकडे यायला लागली.

मला साखरेचा आजार नाही. हे मोठ्याने सांगायला हवं होतं. मी मान वळवली, तर दिवाणाच्या कडेशी दुमडलेल्या खाकी बाहीचा एक तुकडा दिसला, आणि कोपरापासून खाली एक हात. धुऊन धुऊन पांढुरका झालेला, नखं अगदी बारीक कापलेली. त्याच्या वर पाहायचं मी टाळलं. तो हात अतिशय थकलेला होता. आणि तो मुळीच कापत नव्हता.

सदऱ्याची बाही वर सरकू लागली. दंडावर गार काहीतरी फिरलं. स्पिरिटचा वास आला.

मी हात मागे घ्यायला हवा होता. एवढी ताकद होती अंगात. पण कोणीतरी माझी बाही, सुरकुती पडू नये म्हणून, हळूहळू, घडी घालत वर सरकवत होतं, आणि माझ्यासाठी हे कोणी शेवटचं कधी केलं होतं ते मी आठवत राहिलो.